कफनातलं कोपर

शिंग हललं तेव्हा मला कळलं, की ते शिंग नव्हतंच. सकाळचा खेळ होता, हॉलमध्ये फक्त पत्रकार, माझ्यासारखे चॅनलवाले आणि त्यांच्यासोबत आलेले फुकटे. बाहेर सुराबायाचं ऊन डांबर वितळवत होतं आणि आत गारठ्यानं माझी बोटं आखडली होती. पडद्यावर मशीद होती, फरशीवर चटई, चटईवर उत्तरेला डोकं करून कफनात गुंडाळलेला एक माणूस. कॅमेरा पायाकडून हळूहळू वर आला आणि छातीपाशी थांबला. तिथं कापड टोकदार वर उचललेलं होतं, आत काठी उभी केल्यासारखं. हेच टोक पोस्टरवर होतं. पोस्टर आलं त्याच दिवशी मी चॅनलवर त्याचा अर्थ सांगून मोकळा झालो होतो. सैतानाची डोक्यावरची दोन शिंगं जगाला दाखवायची असतात, तिसरं छातीत असतं आणि ते फक्त त्याला मानणाऱ्यांना दिसतं, असं ठणकावून सांगितलं होतं. एक त्रिकोण काढला, कुठल्याशा जुन्या चित्राचा तुकडा शेजारी चिकटवला, आवाज खाली आणला. लोकांनी डोक्यावर घेतलं. सिनेमा लागायच्या आधीच पोरं तीन शिंगांचे टीशर्ट घालून फिरायला लागली. आणि आता ते टोक हललं. दुखरा सांधा माणूस झोपेत वळवतो तसं कापडाखाली जरासं वळलं, आणि अख्खा हॉल किंचाळला. मी किंचाळलो नाही. मला कापराचा वास आला, ओल्या चटईचा आला. ते कोपर होतं. माडावरून पडून मोडलेलं, वाकडं सांधलेलं, कधीच सरळ न होणारं डावं कोपर. ते माझ्या बापाचं होतं.

उरलेला सिनेमा मी बघितला असेन, कारण डोळे उघडे होते. कथा अशी, की गावात एक म्हातारा आहे, पोरांचे ताप उतरवतो, आणि आतून तो सैतान आहे. गाव त्याला कफनात गुंडाळून शपथ घ्यायला लावतं, तो खोटी शपथ घेतो, आणि भात कापायच्या आधी आभाळातून वीज पडून शेतातच मरतो. शेवटी भाताच्या लोंब्यांवर रक्ताचे थेंब. शेजारची पोरगी मोबाईलच्या उजेडात भराभर काहीतरी लिहीत होती, चटईवरच्या रेघा किती, कफनाच्या गाठी कुठं, म्हातारा उजव्या कुशीवर का वळतो. मीही हेच करतो. अशा पोरी माझेच व्हिडिओ बघून शिकल्यात. तिला सांगावंसं वाटलं, की बाई, तो उजवीकडे वळतो कारण डावीकडे वळला की त्याला कळ येते. पण हॉलमध्ये बसून कळ कुणाला सांगणार. इथं सगळ्यांना अर्थ हवा असतो.

बाहेर दिग्दर्शक उभा होता, जकार्ताचा, गिलांग नावाचा, स्वच्छ नखांचा माणूस. हसत पुढं आला. आदरानं दादा म्हणावं तसं म्हणाला, बांग इम्रोन, तुम्ही शिंग म्हणालात आणि आमची अर्धी जाहिरात फुकटात झाली, आता दोघं मिळून एक गप्पांचा कार्यक्रम करू, तुम्ही खुणा उलगडा, मी मान डोलवतो. मी विचारलं, हे कोपर तुम्हाला कुणी दिलं. त्याला आधी कळलंच नाही. मग खुशीत येऊन सांगू लागला, की पूर्वेकडे केदुंगसारी नावाच्या गावात चित्रण केलं, तिथल्याच एका म्हाताऱ्यानं सगळी हकीकत सांगितली, सगळे आदरानं त्याला पाक तोयिब म्हणतात. शहरातला नट ठरवला होता, पण त्याला हात तसा वाकवता येईना, म्हातारा वैतागला आणि स्वतःच चटईवर आडवा झाला. "अंगावर काटा आला, बांग. तो आडवा झाला आणि आमचं अख्खं युनिट गप्प. पडद्यावर जो सैतान बघितलात ना, तो तोयिबच आहे. पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटत होता, तुमच्या तिकडच्या बोलीत, थांबेचना. शेवटी आवाज पुसून टाकला आणि संगीत घातलं." काय पुटपुटत होता, मी विचारलं. तो म्हणाला, कुणास ठाऊक, ठेवलं नाही आम्ही ते.

मी मोटरसायकल काढली आणि घरी न जाता पुलावर थांबलो. खाली नदी काळी, तिच्यात डायपर आणि केळीची पानं. केदुंगसारीत तोयिब आमच्या शेजारी राहायचा. मधल्या बांबूच्या कुंपणाला एक फट होती आणि तिच्यातून त्याची पोरगी यातिमाह आणि मी चिंचोके अदलाबदल करायचो. कसल्याशा आजारानं तिचं पोट सुगीच्या आधी फुगायला लागलं. माझ्या बापानं तिला पाण्यावर फुंकर मारून पाणी दिलं, कागदावर आकड्यांचा चौकोन लिहून उशाखाली ठेवायला दिला, तो सगळ्या गावाला द्यायचा तसाच. पोरगी गेली. ज्या वर्षी जकार्तात सरकार पडलं त्या वर्षी आमच्याकडे तांदूळ महागला, खत मिळेना, आणि एकाएकी करणी करणारे सापडायला लागले. प्रत्येक गावात एकदोन सापडले. सापडणारे कधी सावकार नव्हते, कधी साहेब नव्हते. कुराण शिकवणारा म्हातारा, सुईण, हाड बसवणारा, फुंकर मारणारा. माझा बाप, सानुसी, फुंकर मारणारा होता. तोयिबनं मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे कॉफी प्यायला माणसं यायची बंद झाली. आमच्या गावात दारावर कुणी कॉफीला थांबलं नाही, तर ते घर मेल्यात जमा.

तेव्हा बाप स्वतः म्हणाला, मी कफनात निजून शपथ घेतो. आमच्याकडे यापेक्षा मोठी शपथ नाही. मशिदीत जिवंत माणसाला मुडद्यासारखं गुंडाळतात, नाकात कापूस घालतात, तोंड पश्चिमेला करतात आणि तो अल्लाला सांगतो, की मी हे केलं असेन तर मला घेऊन जा. केदुंगसारीत मुदत भाताची. उभं भात कापलं जायच्या आत माणूस मेला तर खोटा, कापणी बघितली तर खरा. कापड आमच्याच घरून जायचं होतं. माकनं, माझ्या आईनं, ते धुऊन निळीत घातलं, आणि मला आठवतं, तिनं ते सणाच्या कपड्यासारखं झटकून वाळत घातलं. बायकांना आत मज्जाव. ती ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली आणि मी खिडकीच्या लाकडी जाळीला लटकून आत बघत होतो. सगळ्यांनी मिळून बापाला बांधलं, पण कोपर खाली बसेना. कुणीतरी गुडघा देऊन दाबलं. बाप कण्हला. इमाम म्हणाले, राहू द्या, हात वर राहिला म्हणून अल्लाला माणूस ओळखू येणार नाही असं नाही. तेवढ्यात एकजण हसला. मशिदीत, कफनापाशी, हसला. ते हसू मी चॅनलवरच्या कुठल्याच सैतानाच्या तोंडी अजून ऐकलेलं नाही.

आणि मग भात पिवळं व्हायला लागलं. बाप रोज बांधावर जाऊन उभा राहायचा. सगळ्या गावाचं भात, पण तोच एकटा त्याच्याकडे असा बघायचा, की लोंबीनं मान टाकली की याचा एक श्वास वाढला. बायकांनी तळहातात मावणाऱ्या कापणीच्या पाती घासायला काढल्या होत्या. पहिली लोंबी त्या पातीनंच खुडतात, उघडं पोलाद दिसलं तर भाताची आई, भातातली देवी, भिते म्हणून. कापणी तोंडावर आली होती. संध्याकाळच्या नमाजानंतर वीज गेली, फक्त आमच्या गल्लीतली. आले ते तोंड बांधून आले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे सांगायला लागले की बाहेरची माणसं होती, काळे कपडे, कौलांवरून उड्या मारत गेली. मी त्यातल्या एकाची पावलं ओळखली होती, पण मी सात वर्षांचा होतो आणि पावलांची साक्ष कुणी घेत नाही. बापाला त्याच कापडात पुरलं. कोपर तेव्हाही खाली बसलं नाही. आणि नंतर कापणी झाली, गाव जेवलं, आणि बोललं, की बघा, मुदतीच्या आत गेला. शपथ खोटी होती. अल्लानं न्याय केला. विळ्यानं मारलेल्या माणसाला अल्लानं मारलं म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना कुणाची जीभ अडखळली नाही.

लोक मला विचारतात, की शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला हे सगळं ज्ञान कुठून आलं, शिक्के, चौकोन, उलटे तारे, बोकडाची डोकी. मी म्हणतो, आवड. खोटं आहे. सुराबायाला आल्यावर माक लोकांच्या घरी कपडे धुवायची आणि मी कॅसेटच्या दुकानात बसून भुताचे सिनेमे बघायचो, आणि प्रत्येक सिनेमात सैतानाची खूण दिसली की मनातल्या मनात आमच्या घरात जायचो. बापाच्या पत्र्याच्या पेटीत असं काही होतं का. तो आकडे लिहायचा ते उलटे लिहायचा का. फुंकर मारताना डोळे मिटायचा, ते का मिटायचा. मी सैतान शिकलो तो बापाची झडती घ्यायला. इतकी वर्षं घेतोय. काही सापडलं नाही, तरी झडती थांबवायचं धाडस झालं नाही, कारण थांबवली की निकाल द्यावा लागतो. माकला तर मी एकदाही विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. आम्ही दोघं एका खोलीत राहतो आणि मध्ये तो मुदतीच्या आत मेलेला माणूस बसलेला असतो.

घरी गेलो तर माक स्टोव्हपाशी मक्याच्या कण्या ढवळत होती. ती भात खात नाही. सुराबायाला आलो तेव्हापासून नाही. शेजारपाजारच्या जेवणावळीतून भाताची पुडी आली, तर वरची कोंबडी आणि खोबरं काढून घेते आणि भात पलीकडच्या म्हातारीला देते. विचारलं तर म्हणते, पोटाला सोसत नाही. गरिबीतली सवय म्हणून मीही सोडून दिलं होतं. मी चपला काढतोय तोच तिनं विचारलं, झाला का बघून. मी म्हणालो, हो, टुकार आहे. ती म्हणाली, "शेजारच्या सुनेनं मोबाईलवर दाखवलं, आपली मशीद आहे त्यात. खिडकीची जाळी तीच आहे. मला ने." मी सांगितलं, की आवाज मोठा असतो, अंधार असतो, तुझं डोकं दुखेल. ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "सैतान बघायला मी घाबरत नाही, इम. मला त्यातला तुझा बाप बघायचाय. एक फोटो नाही आपल्याकडे. ने मला." म्हणजे तिला माहीत होतं. किती माहीत होतं कुणास ठाऊक. नेऊन तिच्या नवऱ्याला सैतान म्हणून दाखवायचं, का न नेता शेजारच्या सुनेकडून तुकड्यातुकड्यानं बघू द्यायचं, हे दोनच रस्ते माझ्यापुढे होते, आणि दोन्ही रस्ते चिखलाचेच. तो सैतानच होता असा विश्वास घेऊन ती परतली तर? मोठ्या पडद्यावर, संगीत लावून, आभाळातून वीज पाडून कुणी सांगितलं, तर माणूस विश्वास ठेवतो. मी तोच धंदा करतो, मला माहीत आहे.

सिनेमा लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला गेलो. तिनं निळी केबाया घातली होती, डोक्यावर पांढरा रुमाल. सरकत्या जिन्यावर माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. हॉल भरलेला, तीन शिंगांचे टीशर्ट, मक्याच्या लाह्यांचे डबे, एकमेकांच्या अंगावर पडून हसणारी पोरं. कुणीतरी मला ओळखलं आणि अंधारात कुजबूज झाली, तो बघ, शिंगवाला. माकनं ऐकलं. सिनेमाभर ती सैतानाकडे बघत नव्हती, मागचं बघत होती. ही विहीर बुजवली वाटतं, म्हणाली. तो फणस अजून आहे, म्हणाली. पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून शूऽऽ केलं. मग मशीद आली, आणि मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिलो. पांढरा उजेड तिच्या चेहऱ्यावर वर सरकत आला आणि थांबला. ते टोक हललं, हॉल किंचाळला, शेजारच्या पोरीनं तोंडावर हात घेतला. माक पुढं झुकली. चुलीवर दूध आलं का बघायला झुकावं तशी. आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हा तोयिब आहे."

मी तेव्हा पडद्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बघावं तसं नीट बघितलं. कापसाच्या बोळ्यांच्या खाली म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, संगीत त्यांच्यावर रणगाड्यासारखं चालत होतं, आणि ते हलत होते. आमच्याकडे मशिदीत कफनात पडून माणूस जे बोलेल ती शपथच असते, समोर इमाम असो नाहीतर कॅमेरा. तोयिबला हे माहीत नसेल असं होणार नाही. तो सानुसीसारखा हात वाकवून, सानुसीच्या जागी, त्याच चटईच्या जागेवर पडला आणि काहीतरी बोलला. कबूल केलं असेल. पुन्हा आरोप केला असेल. पोरीचं नाव घेत असेल नुसतं. माझ्या धंद्यातली सगळी अक्कल मी त्या ओठांवर लावली असती तर दहा अर्थ निघाले असते आणि दहाही खपले असते. मी पहिल्यांदाच काही लावलं नाही. माकनं मात्र मघापासून धरलेला माझा हात सोडला आणि रुमालानं डोळे न पुसता चेहरा पुसला, घाम पुसावा तसा. वीज पडली, म्हातारा मेला, लोंब्यांवर रक्ताचे थेंब आले, आणि मागून एकजण समाधानानं म्हणाला, मेला एकदाचा.

वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं आहेत, तिथं एका कोपऱ्यात बसलो. शेजारच्या टेबलावर पोरं वाद घालत होती, वीज म्हणजे देव की सैतानानंच आपलं माणूस परत नेलं. माझ्या खिशात फोन थरथरत होता, गिलांग असणार. माकनं पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, माझ्यापुढे सरकवली. मग खाली बघत म्हणाली, "तू लोकांना अर्थ सांगतोस ना. मला सांग. तुझा बाप मुदतीच्या आत का मेला?"

बस्स, एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मला कळलं की ती रागावून विचारत नाहीये, रडून विचारत नाहीये, ती खरंच विचारतेय. ज्या बाईनं कफन धुऊन निळीत घातलं तिलाही माहीत नव्हतं. तिनंही झडती घेतली होती, एकटीनं, कपडे धुता धुता, शेजारी झोपलेल्या माणसाचा एकेक दिवस उलटा करून. मी तोंड उघडलं आणि सवयीनं खुणा शोधायला लागलो, पेटी, चौकोन, फुंकर, आणि एकाएकी थांबलो. मी आयुष्यभर खुणा बघत बसलो, मारणाऱ्यांची घाई बघितलीच नाही. सिनेमावाल्याला ती लपवायला वीज पाडावी लागली. ती इतकी उघड्यावर पडली होती की तिचा अर्थ लावावा लागतो हेच कधी सुचलं नव्हतं.

"माक," मी म्हणालो, "ज्याचा शपथेवर विश्वास आहे तो वाट बघतो. भात पिकलं होतं. बायकांनी पाती घासल्या होत्या. तो खोटा असता तर अल्लानं नेलाच असता, यांना हात काळे करायची काय गरज होती? चार दिवस थांबले असते तर आपोआप कळलं असतं. ते थांबले नाहीत, कारण कापणी झाली असती आणि तो बांधावर उभा असता. सगळ्या गावाला मग रोज त्याच्याकडे बघावं लागलं असतं. ते त्याला घाबरले नव्हते. तो खरा ठरेल याला घाबरले होते."

शेजारची पोरं वाद संपवून उठून गेली, एक सफाईवाली बाई येऊन त्यांचं टेबल पुसून गेली, ओल्या फडक्याचा आंबूस वास राहिला. माकचे ओठ हलत होते. तोयिबसारखेच, आवाजाशिवाय. मोजत असेल. शपथेचा दिवस, लोंबी भरली तो दिवस, पाती काढल्या तो, वीज गेली तो. मग तिचे ओठ थांबले आणि तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की माझ्या सगळ्या व्हिडिओंतला एकही सैतान त्या नजरेपुढे उभा राहिला नसता. ते सुख नव्हतं. माझ्या म्हणण्यानं तिला नवरा परत मिळाला होता, पण ज्या सालांत तिनं त्याच्यावर संशय घेतला ती सालं आता तिच्या एकटीच्या अंगावर येऊन पडली होती. ती ओझी मी उचलू शकत नाही. माझीच माझ्याच्यानं उचलत नाहीत.

"भातानं तुझ्या बापाविरुद्ध साक्ष दिली असं वाटायचं मला," ती म्हणाली. "म्हणून तोंडात घालवत नव्हता."

फोन पुन्हा थरथरला, मी तो बंद करून टाकला. माक समोरच्या दुकानाच्या काचेकडे बघत होती, तिथं उघड्या पातेल्यात भाताचा पांढराशुभ्र ढीग होता.

"घेऊन ये," ती म्हणाली. "थोडाच. वर काही नको."

मी केळीच्या पानाचा तुकडा मागून घेतला आणि त्यावर वाढून आणला. तिनं हात धुतले, रुमाल मागं सारला, बोटांनी एक लहानसा घास केला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला, डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर खालून धरून, जणू ते वर राहू द्यायचं होतं. मग तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली, गिळता येईना. मी पाणी पुढं केलं तर मानेनंच नको म्हणाली.

"थंड आहे," ती म्हणाली, आणि दुसरा घास केला.